आमदार निवडावा रस्ता आणि बस पाहून

फेब्रुवारी २०२५ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत यमुनेचे पाणी गाजले, मद्य धोरण गाजले, मुख्यमंत्र्यांच्या सरकारी निवासस्थानाचा ‘शीशमहल’ गाजला आणि महिलांच्या खात्यात दरमहा २१०० रुपये टाकायचे की २५००, यावर आम आदमी पक्ष व भारतीय जनता पक्ष यांच्यात चढाओढ लागली. निकालाने भाजपला ७० पैकी ४८ जागा आणि २७ वर्षांनंतर सत्ता दिली. ‘आप’ २२ वर थांबला, काँग्रेसला सलग तिसऱ्यांदा भोपळा फोडता आला नाही. या साऱ्या गदारोळात एक विषय मात्र कडेलाच राहिला. ज्या रस्त्यांवरून प्रचारफेऱ्या निघाल्या, त्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्याचे काय, आणि थांब्यावर उभ्या असलेल्यास बस किती वेळात मिळणार? जाहीरनाम्यांत बसगाड्यांचे आकडे होते. महिलांचा मोफत प्रवास चालू राहील, अशी हमीही होती. परंतु मतदारसंघातल्या उमेदवाराला गाठून ‘आपल्या भागातील पदपथाचे तुम्ही काय करणार’ असे विचारण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आली.

ती आणली पाहिजे. दिल्लीतील मतदाराने, आणि त्यात येथे स्थिरावलेला मराठी मतदारही आला, विधानसभेसाठी उमेदवार पारखताना पक्षचिन्हाच्या आधी त्याची रस्तासुरक्षा आणि सार्वजनिक वाहतूक यांविषयीची भूमिका पाहावी, आणि ती स्पष्ट, लेखी व अडचणीची असेल तर पक्ष कोणताही असो, त्याच्या मागे उभे राहावे. अडचणीची म्हणजे, जी घेतल्याने त्याची काही मते जाऊ शकतात अशी. कोणाचेही मत न गमावता घेतलेल्या भूमिकेला राजकारणात फारशी किंमत नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दिल्लीच्या विधानसभेला अधिकारच कुठे आहेत? राज्यघटनेच्या कलम २३९ अअ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत. वाहतूक पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. रस्त्यांची मालकी तर वाटणीपत्र झालेल्या वाड्यासारखी आहे. काही रस्ते महापालिकेचे, काही नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचे, काही दिल्ली विकास प्राधिकरणाचे, काही छावणी मंडळाचे, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. ज्याला काही करायचे नसते त्याच्यासाठी ही व्यवस्था फार सोयीची आहे. तथापि अधिकार नाहीत म्हणणाऱ्याने एवढे तरी मान्य करावे, की डीटीसी १९९६ पासून दिल्ली सरकारच्या ताब्यात आहे आणि साठ फूट व त्याहून रुंद असे शहरातील बहुतेक प्रमुख रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे दिल्ली सरकारच्याच मंत्र्याकडे आहेत. हात दाखवणारा पोलीस केंद्राचा असेल. पण रस्ता ओलांडण्याची जागा, दुभाजकातील थांबण्याचा टप्पा, दिवा, पदपथ आणि बस या पाचही गोष्टी मुख्यतः विधानसभेने मंजूर केलेल्या पैशातून येतात.

न्यायालयाने हुकूम सोडला म्हणजे काम होते, हा भाबडेपणाही दिल्लीने अनुभवाने सोडावयास हवा होता. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या प्रकरणात दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच आदेशात १ एप्रिल २००१ पर्यंत बसगाड्यांची संख्या १०,००० करावी असेही म्हटले होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे. इंधनाचा भाग, तारीख पुढे ढकलत का होईना, पार पडला. संख्येचा भाग पाव शतकानंतर, २०२३ मध्येही पार पडलेला नव्हता. मार्च २०२५ मध्ये विधानसभेपुढे आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने चित्र आकड्यांत मांडले. २०१५-१६ मध्ये डीटीसीकडे ४,३४४ बसगाड्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या ३,९३७ उरल्या. मार्च २०२२ अखेर ८१४ मार्गांपैकी ४६८ मार्गांवरच निगमच्या गाड्या धावत होत्या. नोव्हेंबर २००९ नंतर भाड्यात बदल नव्हता. न्यायमूर्ती आदेश देऊ शकतात. निविदा काढणे, पैसा बाजूला ठेवणे, आगारासाठी जागा मिळवणे आणि भाडे व अनुदान यांचा हिशेब बसवणे त्यांच्या हातात नसते. ते काम ज्यांचे होते, त्यांना त्या सात वर्षांत सभागृहात कोणी किती वेळा उभे केले, हा प्रश्न सत्ताधाऱ्यांइतकाच विरोधकांनाही लागू आहे.

बस आणि सुरक्षा हे दोन स्वतंत्र विषय नव्हेत, हे ‘ब्लू लाइन’च्या इतिहासातून कळते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी डीटीसी पुरी पडेना म्हणून खासगी मालकांना परवाने देण्यात आले. मालकाची कमाई तिकिटांवर, चालक-वाहकाची कमाई मालकाला दिलेल्या रकमेच्या वरच्या गल्ल्यावर. त्यामुळे मागची गाडी पुढे जाऊन थांब्यावरचे प्रवासी उचलणार, या भीतीने दोन बसगाड्यांची शर्यत लागे आणि थांब्याशी पोहोचण्याआधीच कोणीतरी चाकाखाली येई. एकट्या २००७ मध्ये या गाड्यांखाली शंभरांहून अधिक माणसे मेली. चालकांना शिव्या घालून झाल्या, त्यांची धरपकड झाली. दोष होता तो कराराच्या रचनेत. २०११ पासून आलेल्या क्लस्टर पद्धतीत चालवणाऱ्या कंपनीला किलोमीटरमागे पैसे मिळू लागले आणि तिकिटाचे उत्पन्न सरकारकडे गेले; प्रवासी पळवण्यात कोणाचा लाभच उरला नाही. मुंबईत बेस्टनेही भाडेकरारावरील गाड्या घेतल्या, आणि डिसेंबर २०२४ मधील कुर्ल्याच्या दुर्घटनेनंतर अशा गाड्यांवरील चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. किलोमीटरमागे पैसे देणारा करारही डोळे मिटून करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. असे करार कसे होतात हे विचारणारा आमदार उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसणार नाही, पण जीव वाचवील.

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीची आठवण येथे टाळता येत नाही. त्या अत्याचारानंतर देशाने कायदा, शिक्षा आणि पोलीस यांवर चर्चा केली, ती आवश्यकच होती. मात्र दोन तरुण माणसे रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण दिल्लीतील थांब्यावर एका खासगी बसमध्ये का चढली, याचे साधे उत्तर असे होते की घरी नेणारे दुसरे भरवशाचे वाहन त्यांना मिळाले नव्हते.

आणि मग बीआरटी. दिल्लीच्या रस्त्यांच्या राजकारणाचा हा सर्वात बोलका अध्याय. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या टप्प्यावर एप्रिल २००८ मध्ये रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. कडेला सायकलमार्ग, त्यालगत पदपथ. आयआयटी दिल्लीतील दिनेश मोहन, गीतम तिवारी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिची आखणी केली होती. मोटारींना मिळणारी जागा कमी झाली आणि पहिल्याच दिवसापासून ओरड उठली. थांबे रस्त्याच्या मध्ये, सिग्नलची वेळ लांब, अशा खऱ्या उणिवाही होत्या. प्रसारमाध्यमांनी शीला दीक्षित यांचे सरकार या मार्गिकेत अडकून पडणार असे भाकीत वर्तवले. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर मतदान झाले आणि दीक्षित तिसऱ्यांदा सत्तेवर आल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली. म्हणजे मतदाराने पाडले नाही, न्यायालयाने पाडले नाही. पाडले ते २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने. जानेवारी २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि मार्गिका इतिहासजमा झाली. काँग्रेसने ती बांधली, भाजपने तिला आरंभापासून विरोध केला, ‘आप’ने ती उखडली. सामान्य माणसाचे नाव धारण करणाऱ्या पक्षाने सामान्य माणसाच्या बसला दिलेली जागा काढून घ्यावी, यातील उपरोध तेव्हा फारसा कोणी नोंदवला नाही.

येथे मराठी वाचकाने लगेच पुण्याकडे पाहावे. कात्रज-स्वारगेटचा प्रयोग डिसेंबर २००६ चा, म्हणजे दिल्लीच्याही आधीचा, आणि त्याची कहाणी दिल्लीहून फारशी निराळी नाही. उलट ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेली अहमदाबादची ‘जनमार्ग’ सेवा टिकली. पुण्या-दिल्लीपेक्षा अहमदाबादचे अभियंते हुशार होते असे नव्हे. रस्त्यावरची जागा एकाकडून काढून दुसऱ्याला देण्याचा निर्णय झाल्यावर पहिली दोन वर्षे त्याच्यामागे उभा राहणारा राजकारणी होता की नाही, एवढाच मोठा फरक. बीआरटीच्या बाजूने सभागृहात किंवा गल्लीत उभे राहणारे दहा आमदार दिल्लीत असते, तर मार्गिका निदान सुधारता आली असती.

मोटारधारकांचा आवाज मोठा असतो, कारण तो संघटित असतो. निवासी कल्याण संघटनांना शीला दीक्षित सरकारच्या ‘भागीदारी’ उपक्रमाने प्रतिष्ठा दिली. त्यांच्या बैठकांत पार्किंगवर तासभर चर्चा होते. त्याच वसाहतीत स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका संगम विहार किंवा बदरपूरहून दोन बस बदलून येतात, त्यांची संघटना त्या बैठकीत नसते. मरणाच्या यादीत मात्र हे प्रमाण उलटते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे पाचात एक. दिल्लीत त्या वर्षी सुमारे १,४६० मृत्यू झाले आणि त्यांत पादचाऱ्यांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक होता. देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त! केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले, की आंतरराष्ट्रीय परिषदांत रस्ते अपघातांचा विषय निघाला की आपल्याला तोंड लपवावेसे वाटते. हा प्रांजळपणा स्वागतार्ह आहे. परंतु महाल, नागपूर येथून आलेला मंत्री दिल्लीच्या वळणावळणावर पदपथ बांधू शकत नाही. ते काम त्या त्या मतदारसंघातून वर यावे लागते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथ हा कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची दीड फूट नव्हे तर फार तर १५० मिलिमीटर असावी, असे आधीच लिहिलेले आहे. दिल्लीतील कितीतरी पदपथ गुडघ्याएवढे उंच आणि मध्येच रोहित्राने अडवलेले का आहेत, याचे उत्तर नियमांच्या अभावात सापडत नाही. नियम पाळला नाही म्हणून कोणाची आमदारकी गेलेली नाही, हे त्याचे खरे उत्तर.

उमेदवार ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो पादचारी पूल देऊ करतो की रस्त्याच्या पातळीवर सिग्नलसह ओलांडण्याची जागा? पुलाला कोनशिला लावता येते, त्यावर जाहिरातींचे फलक लागतात, आणि खालची मोटार थांबत नाही. गुडघे दुखणारी आजी, गर्भवती, ओझे घेतलेला हमाल हे सारे पुलाखालून जीव मुठीत धरून धावतात ते बेशिस्तीमुळे नव्हे. चाळीस पायऱ्या चढणे आणि तितक्याच उतरणे हा त्यांच्यावर लादलेला दंड असतो म्हणून. ताशी ३० किलोमीटरने धडकलेला पादचारी बहुधा वाचतो; ५० च्या पुढे ती आशा झपाट्याने मावळते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांपासून २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांपर्यंत दिल्लीने उड्डाणपूल बांधून वेग वाढवला, आणि तो ‘सिग्नलमुक्त’ म्हणून अभिमानाने मिरवला. ‘सिग्नलमुक्त’ रस्ता देण्याचे आश्वासन देणारा उमेदवार पायी चालणाऱ्याला काय देत नाही, हे त्याला विचारावे.

आमदार एकटा काय करणार, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने, म्हणजे दहाव्या अनुसूचीने, आदेश निघाल्यावर पक्षाविरुद्ध मत देण्याची मुभा त्याला उरलेली नाही. म्हणून व्यक्तीला पाठिंबा देणे व्यर्थ, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. प्रश्न विचारण्यावर, समितीत अधिकाऱ्यास बोलावण्यावर, महालेखापरीक्षकांचा अहवाल वाचून तो उलगडण्यावर पक्षादेशाचे बंधन नाही. आमदार निधीही आहे. २०२५ मध्ये तो वार्षिक १५ कोटींवरून ५ कोटींवर आणला गेला, तरी पाच कोटींत मतदारसंघातील शाळांसमोरच्या ओलांडण्याच्या जागा, दिवे आणि थांब्यांची छपरे एका कार्यकाळात होऊ शकतात. आणि उमेदवारी देताना पक्ष जे मोजतो, त्यात हा विषय एकदा शिरला की पक्षादेशच बदलतो.

असा विषय शिरवता येतो, याचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. त्या शहराचीही गत दिल्लीसारखीच: स्वतःच्या रस्त्यावर वेग टिपणारा कॅमेरा बसवण्यासही त्याला ऑल्बनीतील राज्य विधिमंडळाची परवानगी लागते. २०१३ मध्ये ‘स्ट्रीट्सपॅक’ नावाचा गट स्थापन झाला. सुरक्षित रस्ते आणि सार्वजनिक वाहतूक या एकाच निकषावर स्थानिक व राज्य पातळीवरील उमेदवारांना पाठिंबा जाहीर करणे हे त्याचे काम. पुढच्या वर्षी अपघातांत आप्त गमावलेल्या कुटुंबांनी ‘फॅमिलीज फॉर सेफ स्ट्रीट्स’ उभी केली. जुलै २०१८ मध्ये राज्य सिनेटने मुदतवाढ दिली नाही म्हणून शाळांजवळच्या १४० ठिकाणच्या कॅमेऱ्यांचा कायदा संपला. ब्रुकलिनमधील सिनेटर मार्टी गोल्डन यांच्या कार्यालयासमोर पालकांनी धरणे धरले. नोव्हेंबरमध्ये गोल्डन पराभूत झाले आणि हा विषय प्रचारात लावून धरणारे अँड्र्यू गुनार्डेस निवडून आले. त्या वर्षी वारेच डेमोक्रॅट पक्षाकडे वाहत होते, त्यामुळे सारे श्रेय कॅमेऱ्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. तरी २०१९ मध्ये त्याच विधिमंडळाने १४० ऐवजी ७५० शालेय परिसरांना परवानगी दिली, ही नोंद बाजूला सारता येत नाही.

दिल्लीत पाठिंबा कोणाला, तर ‘बस वाढवू’ म्हणणाऱ्याला नव्हे. ते सारेच म्हणतात. आपल्या मतदारसंघातून जाणाऱ्या कोणत्या रस्त्यावर बससाठी मार्गिका राखून ठेवण्यास तो तयार आहे, हे नावानिशी सांगणाऱ्याला. पदपथावरील मोटारी हटवीन, पण २०१४ च्या कायद्यानुसार फेरीवाल्यांना जागा आखून देईन, असे दोन्ही एका दमात सांगणाऱ्याला. पदपथ मोकळा करणे म्हणजे भाजीवाली हटवून त्या जागी मोटार उभी करणे, असा अर्थ राजधानीत अनेकदा लावला गेला आहे. आणि भाड्याबद्दल खरे बोलणाऱ्याला. पंधरा-पंधरा वर्षे भाडे न वाढवणे आणि त्याची भरपाई वेळेवर न देणे म्हणजे बस हळूहळू बंद पाडणे होय. उलट बेस्टने मे २०२५ मध्ये केले तसे किमान भाडे एका फटक्यात पाचावरून दहा रुपये करणे म्हणजे गरीब प्रवाशाला पायी पाठवणे. या दोहोंमधली वाट अनुदानाची आहे, आणि ती उघडपणे मागण्याची हिंमत लागते. मेट्रोची गोष्ट निराळी. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा-तीस हजारी मार्गाने तिचा आरंभ झाला, आणि तिचा दिल्लीकरांना अभिमान आहे तो रास्तच. पण स्थानकापासून घरापर्यंतचा अखेरचा किलोमीटर मेट्रो बांधत नाही. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या नऊ मीटरच्या छोट्या ‘देवी’ बसगाड्या त्यासाठीच आहेत. त्या कोणत्या गल्लीत येतात आणि किती मिनिटांनी येतात, हे तपासणे आमदाराचे काम ठरावे.

चांदनी चौकाचा अनुभव उमेदवारांना धीर देणारा आहे. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता सप्टेंबर २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद झाला. व्यापाऱ्यांचा विरोध होता, अंमलबजावणीत अजूनही ढिलाई आहे. तरी गर्दी ओसरली नाही. जवळच्या कूचा महाजनीत आणि करोल बागेत सोने-चांदी गाळणारे विटा, खानापूर, आटपाडीचे गलाई व्यावसायिक या बदलाचे थेट साक्षीदार आहेत. त्यांची भट्टी, दुकान आणि बिऱ्हाड बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते. पदपथ हाच त्यांचा रोजचा रस्ता.

दिल्लीतील मराठी माणसाचे दोन वर्ग या विषयाकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहतात. अधिकारी लुटियन्सच्या परिसरात किंवा सरकारी वसाहतीत राहतो. तेथील पदपथ रुंद, झाडांखालचे. तीन वर्षांनी बदली होणार म्हणून त्याचे मत अनेकदा सातारा किंवा अकोल्याच्या यादीतच राहते. केंद्रीय सेवेच्या १९६४ च्या आचरण नियमांमुळे तो कोणाचा प्रचार करू शकत नाही, आपले मत कोणाला हेही सूचित करू शकत नाही. मतदान करण्यास मात्र त्याच नियमांनी मुभा दिली आहे, आणि सामान्यतः जेथे वास्तव्य तेथे नाव नोंदवण्याची तरतूद १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. गलाईवाल्याचे तसे नाही. तो दोन-तीन पिढ्या येथे आहे, पण आधार, शिधापत्रिका आणि मत गावाकडे, कारण जमीन तेथे, यात्रा तेथे.

याची किंमत आता थेट तिकिटात मोजली जाऊ लागली आहे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीच्या बसगाड्यांत महिलांसाठी गुलाबी तिकीट सुरू झाले, तेव्हा वाहक कोणालाही पत्ता विचारीत नव्हता. २०२५ मध्ये दिल्ली सरकारने त्या तिकिटाऐवजी स्मार्ट कार्ड देण्याचे जाहीर केले, तेही दिल्लीचा रहिवासी पत्ता असणाऱ्या महिलांनाच. करोल बागेत वीस वर्षे संसार करणाऱ्या, पण आधारवर आटपाडीचा पत्ता असलेल्या बाईचे काय, हा प्रश्न सभागृहात कोणी मांडावा? तिचा आमदार कोण, हे मतदारयादीनुसार पाहिले तर तो मुंबईच्या विधानभवनात बसतो.